कार्तिकस्वामीच्या दोन बायका आणि काटकोनची दाढ

काटकोनने कार्तिकस्वामीचा संसार मोडला, तो पट्टी सरळ लावून, धारदार पात्याने आणि तोंडाने शीळ घालत.

झालं असं, की त्याच्या फ्रेमांच्या दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक जुनं चित्र फ्रेम करायला आलं होतं. मागे मोर, मोराला टेकून हातात भाला घेतलेला देखणा तरुण देव आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन नटलेल्या बायका. काटकोनने चित्राकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या सोनेरी नक्षीच्या पट्टीकडे पाहिलं. ही पट्टी म्हणजे त्याचा जीव की प्राण. वडिलांच्या वेळची. तसली नक्षी आता कोणी कोरत नाही, म्हणून कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या फोटोला ती लावायची नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आज तिचं नशीब उघडणार होतं. फक्त अडचण एकच, पट्टी उरली होती थोडी. तिच्यातून जी फ्रेम निघत होती ती उंच होती खरी, पण अरुंद. देव बसत होता. बायका बसत नव्हत्या.

आता काटकोन काही पोथ्यापुराणांतला पंडित नव्हे. पण लहानपणी आईकडून ऐकलेलं एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, की मोर ज्याचा तो कार्तिकस्वामी, आणि कार्तिकस्वामी म्हणजे कडक ब्रह्मचारी. मग या दोघी कोण? असतील दासी. चवऱ्या ढाळायला आल्या असतील. हातात चवऱ्या दिसत नव्हत्या, पण चित्रकार विसरला असेल. शिवाय ब्रह्मचाऱ्याच्या इतक्या जवळ बायकांनी उभं राहणं बरं दिसतं का? आपण देवावर उपकारच करतोय, अशा समाधानाने त्याने दोन काप घेतले. सर्र. सर्र.

उपकार अंगाशी यायला फार वेळ लागला नाही. कारण ते चित्र होतं धाकट्या भावाच्या ठरू घातलेल्या बायकोच्या आजीचं.

काटकोन हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर फ्रेमांचे कोपरे जुळवून त्याची नजरच अशी झाली होती, की वाकडी गोष्ट दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. कुणाच्या घरी गेला तर ‘बसा’ म्हणायच्या आत हा भिंतीवरचा फोटो सरळ करणार. आईने एकदा त्याच्यासाठी स्थळ पाहिलं. मुलीचे वडील मुलीचं शिक्षण सांगत होते, तेव्हा हा खुर्चीवर चढून त्यांच्या वडिलांचा फोटो ओळंब्यात आणत होता. चढण्यापूर्वी पाय पुसले होते, पण त्याचं कौतुक कोणाला? दुसऱ्या ठिकाणी मुलगीच म्हणाली, “यांना बायको नको, भिंत हवी.” आई रागाने वाटभर चार पावलं पुढे चालत राहिली. काटकोन मात्र खूश होता. “पोरगी हुशार आहे हो,” तो म्हणाला. “नेमकं ओळखलं.”

त्याला लग्नाचं वावडं होतं असं नाही. पण एकटेपणा त्याच्या अंगाला मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखा बसला होता. कुठे ओढत नव्हता, कुठे घोळत नव्हता. सकाळी दुकानाचं शटर वर करायचं, कोन तपासायचा गुण्या पुसून टेबलावर ठेवायचा, काचेवरून हिरकणी ओढायची आणि काच ‘टक’ करून नेमकी हवी तिथेच तुटली की जगात सगळं ठीक आहे असं समजायचं. दुपारी दुकानामागच्या खोलीत आईच्या हातचं जेवायचं, जेवताना तिच्याशी वाद घालायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. याहून जास्त सुख त्याला नको होतं. जास्तीचं सुख ठेवायला घरात जागाही नव्हती.

पण आईचा एक कायदा होता. थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न नाही. “रांगेत मागून येऊन पुढे घुसायचं नसतं,” ती म्हणायची. थोरल्याने सांगून पाहिलं, की अगं, मी रांगेत उभाच नाही, मी बाजूला बसलोय. आई म्हणायची, “मग ऊठ आणि उभा राहा.”

आणि धाकटा तर अगदी खिडकीपाशी पोचला होता. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. पलीकडच्या गल्लीत औषधांच्या दुकानात एक मुलगी बसायची. तिच्या दुकानात एक मोठा आरसा लावायला काटकोनने त्याला पाठवलं होतं. तो आरसा मग काही ना काही कारणाने सैलच होत गेला. धाकटा पुन्हा पुन्हा जाऊन तो लावत राहिला. शेवटी आरसा घट्ट बसला तोवर ही दोघं त्याहून घट्ट झाली होती.

मुलगी मूळची दक्षिणेकडची. तिला वाढवलं आजीने, आणि आजी ‘हो’ म्हणाली की सगळं घर ‘हो’ म्हणायचं. तेव्हा आजीचं जुनं चित्र सुंदर फ्रेम करून द्यावं, म्हणजे म्हातारीचं मन आपोआप वळेल, ही कल्पना काटकोनचीच. म्हणून तर ती सोनेरी पट्टी.

आजी स्वतः दुकानात आली. सोबत नात. आजीच्या हातात काठी होती, पण ती चालायला नव्हती, बोलायला होती. धाकटा भांग पाडून उभा होता. काटकोनने फ्रेमवरचा कागद असा काढला, की जणू पडदा उघडतोय.

आजीने नक्षीवरून बोट फिरवलं. चेहरा फुलला. मग बोट काचेवर आलं, देवाच्या डावीकडे थांबलं, उजवीकडे थांबलं.

“दोघी कुठायत?”

“कोण दोघी?”

“बायका!”

“कोणाच्या?”

“तुझ्या नाहीत, ते दिसतंच आहे. याच्या!”

काटकोनने देवाकडे पाहिलं. देव मंद हसत होता. त्याला काय जातंय हसायला? “आजी, हे कार्तिकस्वामीच ना? मग यांचं लग्न कुठे झालंय?”

“एकदा नाही, दोनदा झालंय!” आजीची काठी फरशीवर आपटली. “एक देवसेना, इंद्राची लेक. दुसरी वल्ली, रानातली पोर. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि हे काय आहे?”

‘हे’ म्हणजे देवाच्या कमरेशी उरलेला एक सावळा तुकडा. काटकोनला तो कमळाचा देठ वाटला होता.

“वल्लीचं कोपर,” आजी म्हणाली. “बाई कापलीस आणि कोपर ठेवलंस?”

नातीने तोंडावर हात दाबला. ती रडते आहे असं वाटून धाकटा घाबरला. ती हसत होती. एवढ्यात आवाज ऐकून आई मागच्या खोलीतून हात पुसत आली, आणि मुलाची बाजू न ऐकताच ती घेऊन मोकळी झाली.

“अहो आजी, कार्तिकस्वामीला कसल्या बायका? आमच्याकडे तो ब्रह्मचारी. इतका कडक, की आम्ही बायका त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.”

“म्हणूनच तुम्हाला दोघी दिसल्या नाहीत.”

आईने पदर खोचला. “संसारी आहे तो गणपती. ऋद्धी-सिद्धी त्याच्या.”

“गणपती?” आजी हसली. “बिनलग्नाचा आहे तो. आईसारखी मुलगी मिळाली तरच करीन म्हणाला. अजून नदीकाठी बसलाय, येणारी-जाणारी बघत.”

“अहो, दोन-दोन बायका घरात असताना तो नदीकाठी कशाला बसेल?”

“दोन असल्या की माणूस नदीकाठीच बसतो,” काटकोन म्हणाला. वातावरण हलकं करावं, एवढाच त्याचा हेतू.

“तू गप्प बस!” दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

मग आजी खुर्चीत बसली आणि आवाज खाली आणून बोलली, ते जास्त वाईट होतं. हे चित्र तिच्या लग्नात तिच्या आईने दिलेलं. जिथे जिथे बिऱ्हाड गेलं, तिथे आधी ही तिघं भिंतीवर चढली आणि मग चूल पेटली. “आधी या दोघींना घरी आण,” ती काटकोनला म्हणाली. “मग माझी नात या घरात द्यायची की नाही ते बघू. देवाच्या बायकांचा जिथे निभाव लागत नाही, तिथे हिचा काय लागणार?”

“आमच्याकडे तरी कुठे घाई आहे?” आई म्हणाली. “आधी थोरल्याचं होऊ दे.”

धाकट्याच्या लग्नाला अशी दोन बाजूंनी दोन कुलपं लागली. एक काटकोनच्या चुकीचं, दुसरं त्याच्या नुसत्या असण्याचं. धाकटा दुकानाच्या पायरीवर बसून गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत राहिला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर काटकोनला बरं वाटलं असतं.

देवसेना लगेच सापडली. टेबलाखाली उरल्यासुरल्या पुठ्ठ्यांच्या खोक्यात पालथी पडली होती, धुळीने माखलेली पण धडधाकट. वल्लीचा मात्र पत्ता नाही. काटकोनने खोकं उपडं केलं, केराची बादली उपडी केली, आईने “आता मलाही उपडी कर” म्हणून घेतलं. मग एकाएकी तो कपाळाला हात लावून मटकन बसला. फ्रेममध्ये कागद सैल बसला तर मागे जाड पुठ्ठ्याची भर घालावी लागते. आणि चित्र कापलं त्याच दुपारी त्याने समोरच्या दातांच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट फ्रेम केलं होतं, आणि भर म्हणून हाताला लागला तो तुकडा मागे घातला होता.

म्हणजे रस्ता ओलांडायचा, बस. पण काटकोनला तोच रस्ता नको होता. त्याची एक दाढ किडली होती, आणि ती डॉक्टरांनी रस्त्यापलीकडूनच ओळखली होती. हा एका गालाने जेवतो, थंड पाणी टाळतो, हे त्यांनी हेरलं होतं. काचेच्या धारेला न भिणारा हा माणूस दवाखान्याच्या वासानेच पांढरा पडायचा.

तो आत शिरला तेव्हा खुर्चीत एक पेशंट आ वासून पडला होता.

“डॉक्टर, तुमचं सर्टिफिकेट जरा खाली घ्यायचंय.”

“का? वाकडं दिसतंय?”

“नाही. त्याच्या मागे बायको आहे.”

डॉक्टरांचा हात पेशंटच्या तोंडातच थांबला. “कोणाची?”

“कार्तिकस्वामीची.”

“काहीतरीच!” डॉक्टर पूर्वेकडचे. “आमच्याकडे नवरात्रात कार्तिक आईबरोबर आजोळी येतो तो बिनलग्नाचाच. चौघं भावंडं येतात. लक्ष्मी, सरस्वती, गणपती आणि हा.”

“लक्ष्मी बहीण यांची?”

“सख्खी.”

काटकोनने मान हलवली. हे आईला सांगायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. एका घरात एका वेळी एवढंच पुरे. पण राहवेना. “आणि गणपतीचं लग्न?”

“आमच्याकडच्या आज्या म्हणतात, केळीशी झालंय. साडी नेसलेली केळ असते त्याच्या शेजारी.”

“झाड?”

“झाड.”

“वा,” काटकोन म्हणाला. “म्हणजे भांडण नाही.”

“आँ, आँ,” पेशंट म्हणाला. त्याचं यावर काहीतरी मत होतं, पण त्याच्या तोंडात कापूस होता.

डॉक्टर हुशार. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, काटकोनच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. “बायको देतो,” ते म्हणाले. “पण बायकोच्या बदल्यात दाढ.”

“आज नको हो. आज हात थरथरला तर भावाचं लग्न मोडेल.”

“मग लग्न झाल्यावर. शब्द?”

“शब्द.”

सर्टिफिकेट खाली आलं, मागचे बारीक खिळे निघाले, आणि भिंतीकडे तोंड करून इतके दिवस उभी असलेली वल्ली बाहेर आली. तिचा चेहरा कुठेही चुरगळला नव्हता. भर निघाल्यावर सर्टिफिकेट तिरपं घसरलं. ते काटकोनला बघवेना, म्हणून पेशंटला तसाच आ वासलेला ठेवून त्याने आधी नवा पुठ्ठा कापला, भरला, गुण्या लावला, आणि मगच निघाला.

आता जोडायचं कसं? डिंकाने चिकटवून पाहिलं असतं तर वल्लीच्या कोपरावर जन्माची शिवण दिसली असती. काटकोन चित्राच्या तीन तुकड्यांसमोर बसून राहिला. आई म्हणाली, “तिघं भेटलीत तर एकमेकांशी बोलू तरी दे त्यांना, तू काय मध्ये बसलायस?” तेवढ्यावरून त्याला सुचलं. एक फ्रेम नाही, तीन करायच्या. मध्ये देव, दोन्ही बाजूंना बिजागरीवर दोन झडपा, प्रत्येक झडपेत एक बायको. उघडलं की तिघं शेजारी शेजारी, कोपर आपल्या मालकिणीला टेकलेलं. मिटलं की दोघी नवऱ्याकडे वळलेल्या.

पण सोनेरी पट्टी तर देवाच्या चौकटीत संपली होती. एका बायकोला द्यावी आणि दुसरीला नाही, हे लग्न न झालेल्या माणसालाही कळत होतं की चालणार नाही. त्याने जड मनाने देवाची चौकट सोडवली. एक उभी पट्टी हिला, एक उभी तिला. आडव्या दोन्ही मधोमध कापून दोघींना वरखाली सारख्या. बिजागरीच्या कडेला साधं सागवान, कारण तिथे कोण बघतंय? आणि देवाला सगळंच सागवान.

आजी नातीला घेऊन घरी आली. झडपा मिटलेल्या होत्या. तिने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी त्या उघडल्या. मग तिने एकीच्या सोनेरी चौकटीवरून बोट फिरवलं, मग दुसरीच्या. काटकोनची दाढ ठणकत होती, धाकट्याच्या किल्ल्या गप्प झाल्या होत्या.

“दोघींना सारखं दिलंस,” आजी शेवटी म्हणाली. “ते यालासुद्धा जमलं नव्हतं.”

“आणि नवऱ्याला साधं लाकूड?” आईने विचारलं.

“नवऱ्याला काय लागतं?” आजी म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की धाकट्याने लगेच चहा ठेवला.

एक कुलूप निघालं. दुसरं होतंच. आईने चहा ओतला आणि हसूनच, पण तिथेच पोचली. “चित्र सुरेख झालंय. पण आजी, रांग ती रांग. माझ्या थोरल्याचं ठरल्याशिवाय मी धाकट्याचं नाही करणार. आणि खरं सांगू? तुमचं मला अजून पटलेलं नाही. कार्तिकस्वामी थोरला, तो ब्रह्मचारी राहिला. लग्न झालं ते धाकट्या गणपतीचं.”

“पुन्हा तेच!” आजीने कप खाली ठेवला. “गणपती थोरला, तो बिनलग्नाचा. लग्न झालं ते धाकट्याचं, या माझ्या मोरवाल्याचं. आणि तेही थोरल्याने जमवलं म्हणून! ही वल्ली काही केल्या ऐकेना. तेव्हा याने थोरल्या भावाचा धावा केला. थोरला काय करतो? हत्ती होऊन रानातून आला. पोरगी जी घाबरली, ती धावत येऊन यालाच बिलगली. हत्ती आपला गुपचूप निघून गेला.”

नात काटकोनकडे बघत होती.

“दादा,” ती म्हणाली, “आमच्या दुकानातल्या आरशाला तुम्ही दर वेळी तोच एवढासा हूक का देत होता हो? तेवढ्या हुकावर तर कॅलेंडरही टिकणार नाही.”

काटकोन बिजागरीचा स्क्रू तपासू लागला. स्क्रू घट्ट होता.

“म्हणजे तो हूक तू मुद्दाम…?” धाकटा म्हणाला. “आणि मला वाटत होतं, मला भिंतीत हूक बसवताच येत नाही!”

“ते तर येतच नाही,” काटकोन म्हणाला. मग तो आईकडे वळला. हातात पेचकस होता, तो खाली ठेवायचंही भान नव्हतं. “आई, एक विचारू? तुझ्या गोष्टीत थोरला बिनलग्नाचा राहिला आणि धाकट्याचं लग्न झालं. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि आजी, तुमच्या गोष्टीत?”

“थोरला बिनलग्नाचा राहिला, आणि धाकट्याचं…” आजी बोलता बोलता थांबली. तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं.

“मग तुम्ही भांडताय कशावर?” काटकोन म्हणाला. “नावं बदलली, घर तेच. तुझ्या मुलखात नाही, यांच्या मुलखात नाही, थोरल्यापायी धाकट्याचं कुठेच अडलं नाही. पार्वतीने दोन्हीकडे मान्य केलं. तू तेवढी ऐकेनास?”

“तू काय देव लागून गेलास?”

“देव नको मानूस. हत्ती तरी मान. मला खरंच रांगेत उभं राहायचं नाही गं. मला सोंडेपुरती जागा पुरे.”

आईने पदराने नाक पुसलं. तिचे डोळे भरले होते की त्यांत चहाची वाफ गेली होती, हे ती कधीच कबूल करणार नाही. “मेल्या,” ती म्हणाली, “जन्मभर भिंतीशी बोलून हे बोलायला कुठे शिकलास?”

आजीने काठी उचलून फरशीवर एकदाच आपटली. “हत्तीला काहीतरी गोड द्या,” ती म्हणाली. नातीने साखरेचा मोठा खडा आणून त्याच्या हातावर ठेवला. काटकोनने तो आनंदाच्या भरात चुकीच्या गालात टाकला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. सगळ्यांना वाटलं, याला गहिवरून आलं.

लग्न झालं. झकास झालं. सगळ्यांना एका फोटोत बसवताना काटकोनने फोटोवाल्याला इतकं “जरा डावीकडे, जरा सरळ” केलं, की तो म्हणाला, “काका, कॅमेरा तुम्हीच घ्या.” आजी आणि आई शेजारी बसल्या होत्या, थोरला कोण यावर अजून वाद घालत, पण आता चवीने. तो फोटो फ्रेम करताना काटकोनने एकही कड कापली नाही. डाव्या बाजूला कुणाचं तरी कोपर आलं होतं, तेही राहू दिलं. नीट पाहिलं तर कळतं, ते डॉक्टरांचं आहे. ते त्याच वेळी पुढे वाकून, दोन बोटांचा चिमटा करून, काटकोनला काहीतरी दाखवत होते.

तेव्हापासून काटकोन रस्त्याकडे पाठ करून काम करतो. टेबल त्यासाठी त्याने फिरवून घेतलंय. उजेड मागून येतो, आपलीच सावली कामावर पडते, पण तो म्हणतो, असंच बरं दिसतं. जेवण अजून एकाच गालाने. आणि दुपारी पेशंट नसले की समोरची खिडकी उघडते, आणि जाणारे-येणारे थबकून बघत राहतील अशा आवाजात डॉक्टर ओरडतात, “काटकोन! बायको दिली होती मी! दाढ कुठाय?”